नदीची ओटी

भावसिंगने ट्रॅक्टर उलटा घेतला आणि बोट लादलेली ट्रॉली बैल धुण्याच्या उतारावरून हळूहळू पैनगंगेच्या पुरात रेटायला सुरुवात केली. काळी माती चाक गिळायला टपलेलीच असते, म्हणून गावाने पाण्यापर्यंत पऱ्हाट्या अंथरल्या होत्या. कापसाच्या त्या वाळक्या झाडांचा चुलीबाहेर पहिल्यांदाच कुणाला उपयोग होत होता.

"येऊ दे, अजून येऊ दे!" बोटीतून आसिम ओरडत होता. तालुक्याहून बोट आली होती, पण इंजिन चालवणारा काही आला नव्हता. म्हणून फुलसावंगीच्या या मेकॅनिकला जीपमध्ये घालून आणलं होतं. सोबत वल्ही मारायला एक भोई होता.

समोर, नदीच्या वळणावर, शेतातल्या कोठ्याच्या टिनपत्र्यांवर कौसल्याचा अख्खा संसार बसला होता. नवरा पंजाबराव, सून ममता आणि ममताच्या कडेवरचा नातू. भाव चढेल म्हणून कापूस त्या कोठ्यात भरून ठेवलेला. भाव काही चढला नाही, राखण मात्र चुकली नाही. डबा घेऊन गेलेली सूनही लेकरासकट तिथंच अडकली. त्यांच्या पलीकडे चिंचेवर, काठावर उभ्या मानीबाईचा मुलगा होता.

ट्रॉलीची चाकं बुडाली, बोट तरंगली. दोर धरलेल्या गड्यांनी तिचं नाक धारेच्या तोंडाला लावलं. आडवी गेली तर नदी तिला पालथी घालते, हे भोयाने सगळ्यांना दोनदा बजावलं होतं. तेवढ्यात कौसल्या गुडघाभर पाण्यात शिरली. हातात नारळ, तांदूळ आणि नवंकोरं हिरवं लुगडं, पिवळ्या काठाचं. पूर आला की नदीची ओटी भरायची. तिच्या सासूने भरली होती, सासूच्या सासूनेही भरली होती.

"काकू, सरका!" आसिम म्हणाला.

"सरकतो बापा. माय गंगे, माह्या माणसांले सुखरूप आण."

घडी मोडून तिने लुगडं पाण्यावर पसरलं. धारेनं ते अलगद उचललं आणि बोटीच्या पुढे, वळणाकडे नेलं. नदीतलं सगळं त्या वळणावरच जाऊन जमतं, लाकडं काय नि मेलेली ढोरं काय. कौसल्याने हात जोडले. आपली ओटी आपल्या माणसांपर्यंत चालली, याचं तिला फार बरं वाटलं.

बोट कोठ्याला लागली. काठावरून माणसं बोटाएवढी दिसत होती, पण पंजाबरावांनी लेकराला आधी खाली दिलं, मग सुनेला हात दिला, हे सगळ्यांना दिसलं. ते स्वतः मात्र टिनांवरच उभे राहिले.

"हे काहून नाही बसले?" कौसल्याने विचारलं.

"बोट लहान हाये, भाभी," भावसिंग म्हणाला. "दुसऱ्या फेरीत आणतीन."

बोट वळली, आणि वळणावरच इंजिनाचा आवाज गुदमरला. एकदा खोकल्यासारखा आला, मग थांबला. बोट धारेबरोबर सुटली. आसिम आणि भोई वल्ह्यांना भिडले. भावसिंगने ट्रॅक्टर काठाकाठाने खाली पळवला, आणि बाया पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावर घेऊन त्याच्यामागे धावल्या. बोट कशीबशी काठाला आली. फेकलेला दोर भावसिंगने ट्रॅक्टरच्या हुकात अडकवला आणि ओढायला लागला.

बोट निम्मी वर आली असेल, तेव्हा मागून आवाज आला. फार मोठा नव्हता.

सगळ्यांनी वळून पाहिलं. टिनं एका अंगाने खाली गेली. पंजाबराव उभे होते; मग नव्हते. कोठ्यातून कापूस बाहेर आला आणि गढूळ पाण्यावर पांढरा पांढरा पसरत गेला.

कौसल्याने नातवाला सुनेच्या कडेवरून घेतलं आणि पदराने त्याचं नाक पुसलं. पुसलेलं नाक परत पुसलं.

"आत्याबाई," ममता म्हणाली, "बाबा म्हणे, तुमी व्हा पुढं, मी येतोच मांगून..."

आसिम इंजिन वर करून खाली वाकला होता. चाकूने त्याच्या पंख्यातून काहीतरी कापून कापून काढत होता. कौसल्या त्याच्याजवळ गेली.

"काय गुंतलं होतं रे?"

त्याने हात पाठीमागे नेला. "बेशरम, काकू. काठावरच्या बेशरमच्या फांद्या."

त्याच्या मुठीतून पिवळा काठ लोंबत होता. मघाशी तिनेच त्या लुगड्याची घडी मोडली होती. कौसल्याने त्या काठाकडे पाहिलं, मग आसिमच्या तोंडाकडे.

"व्हय," ती म्हणाली. "बेशरमच असंन."

चिंचेवरचा पोरगा अजून हात हलवत होता. बोट ट्रॉलीवर चढवून पुन्हा उताराशी आणली. चाकं पऱ्हाट्यांवर करकरली, इंजिन सुरू झालं. तशी मानीबाई नारळ आणि लाल लुगडं घेऊन लगबगीने पाण्यात उतरली.

कौसल्याने मागून तिचं मनगट धरलं.

"सोड वं, बोट चालली! माहा पोरगा हाये तिकडं!"

"म्हणून तर." कौसल्याने लुगडं तिच्या हातातून काढून घेतलं आणि छातीशी घट्ट धरलं. "काही देऊ नको तिले. तिनं मागतलं नव्हतं, मानीबाई. तिनं काहीच मागतलं नव्हतं."

बोट निघून गेली. मानीबाई तिच्याकडे बघत राहिली, आणि मग पहिल्यांदा कौसल्याच्या गळ्यातून रडण्याचा आवाज फुटला.