मध-मलम आणि सात शिंका

मी तपकिरीची डबी बोलतेय. नाक मुरडू नका, आता मी अगदी स्वच्छ आहे! सध्या माझ्यात शर्टाची चार बटणं, एक सुई आणि तुटकं जोडवं नांदतात. पण एके काळी तिसगावात माझा काय थाट होता, तो ऐकाल तर बसायला पाट द्याल मला.

मी पत्र्याची, गोल, झाकणावर गुलाबाचं फूल. ते फूल इतरांपेक्षा मलाच जास्त आवडायचं. सहादेवांनी मला बाजारातून तपकिरीसकट आणलं आणि कोपरीच्या खिशात ठेवलं. दिवसातून दहा वेळा चिमूट नाकाशी जायची आणि मग अशी शिंक यायची की गोठ्यातले बैल दचकायचे. मला तर खिशात गुदगुल्या व्हायच्या.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सहादेव खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले, तपकीर सुटली आणि मी रिकामी झाले. त्याच वर्षी त्यांची सून बायडाबाई पहिल्यांदा बाळंत झाली. माहेरची विहीर आटलेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला! घरात पाणी नव्हतं, पण आनंद रांजणभर होता.

एकच खोट निघाली. कोरड्या वाऱ्यानं बाळाचे गाल खरखरीत झाले. बाळाची आजी, म्हणजे सहादेवांच्या केशरबाई, हवालदिल झाल्या. "बाराव्या दिशी बारसं. समदी भावकी येनार. माझा नातू असा रापलेला दावू व्हय?"

त्यांच्या भावानं मागच्या साली डोंगरातलं मोहोळ काढलं होतं. त्यातला वाटीभर मध शिल्लक होता. केशरबाईंनी त्यात पोळ्याचं मेण, खोबरेल आणि चिमूटभर हळद घोटली. झालं मलम तयार! ठेवायचं कशात? त्यांची नजर माझ्यावर पडली. भरभर राखेनं घासून मला उन्हात वाळवलं. घाईत झाकणाच्या दुमडीतली तपकीर तशीच राहिली. मला ते कळलं होतं, पण मी गप्प बसले. तपकिरीवरून मलमावर बढती मिळत असताना कोण तोंड उघडेल?

बारशाच्या सकाळी मी पाळण्यात, बाळाच्या उशाशी! केशरबाईंनी गालांना, हनुवटीला, कपाळाला मलम थापलं आणि हाताला उरलेलं बाळाच्या मुठींना पुसलं.

बायडाबाई सासूला चाचरत म्हणाली, "आत्याबाई, मध लई चिकाट असतो. बाळ मूठ तोंडात घालतंय वो."

"आमी सहा लेकरं वाढवली. मध म्हंजी अमृत! तू गप बस."

बाळ मात्र खरोखरच चमकलं. मी फुगून गेले. बायका येत होत्या, गाल कुरवाळत होत्या आणि हळूच बोटं चाटत होत्या. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून द्यायला घेतलं, तेव्हा ते एकीच्या पदरालाच चिकटलं. दुसरीनं ओढून घेतलं तर तिच्या हिरव्या बांगड्यांना चिकटलं. बायडाबाईची नणंद साळूबाई पापा घ्यायला वाकल्या आणि त्यांची नथच गालावर बसली! मी हसून हसून खुळखुळले असते, पण पोट मलमानं भरलेलं.

बाळाला परत पाळण्यात ठेवलं, कुंची गळ्यापर्यंत ओढली. केशरबाईंनी शेवटचा हात म्हणून झाकणाच्या दुमडीतून बोट फिरवलं आणि ते बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर टेकवलं.

तेवढ्यात मला आढ्यावरून पाळण्याच्या दोरीवर एक लाल रेघ उतरताना दिसली. मुंग्या! दुष्काळ त्यांनाही पडला होता, आणि घरात एवढा गोडवा त्यांनी वर्षात पाहिला नव्हता. त्या कुंचीत शिरल्या. बाळ रडू लागलं, पण पाळण्याच्या गाण्याचा गलका एवढा की कुणाच्या कानावर पडेना. माझं हसू पार मावळलं. मला हात नाहीत, आवाज नाही. मी फार घाबरले.

साळूबाई नाव सांगायला कानाशी वाकल्या. त्यांच्या पाठीत धपाटे घालायला चार मुठी वर गेल्या. आणि बाळ शिंकलं! एकदा, दोनदा... चांगलं सात वेळा!

"शिंकलं! अपशकुन झाला. थांबा, घटकाभर कुनी काय करू नका!" एक म्हातारी ओरडली.

गाणं थांबलं. मुठी हवेत राहिल्या. घर गप्प झालं, आणि त्या शांततेत बाळाचं रडणं ऐकू आलं. बायडाबाईनं झडप घालून बाळ उचललं, कुंची फेडली. गळ्यापासून हनुवटीपर्यंत मुंग्या, एक तर पापणीच्या कडेला!

प्यायला जपून ठेवलेलं हंडाभर पाणी कोमट करून बाळ धुतलं गेलं. गालावर लाल गांध्या उठल्या. नर्सबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "तान्ह्या बाळाला काही फासू नका. आणि तोंडात आईच्या दुधाशिवाय काही जायला नको." केशरबाई पदरात तोंड घालून रडल्या. "माज्याच हातानं घात करनार हुते गं मी!"

संध्याकाळी नाव ठेवलं, कानिफनाथ. केशरबाई मला उकिरड्यावर फेकायला निघाल्या, पण सहादेवांनी माझं झाकण हुंगलं आणि ते खो खो हसत सुटले. "आगं, हिच्यातल्या तपकिरीनं शिंकवलं त्याला. ऱ्हाऊ दे हिला." त्या दिवसापासून मी बायडाबाईकडे आहे.

परवा याच घरात कानिफनाथच्या नातीचं बारसं झालं. बायडाबाईच्या नातसुनेनं मधमाशीचं चित्र असलेली, मध घातलेल्या क्रीमची बाटली आणली. आता डॉक्टरही सांगतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मध अजिबात जाऊ नये. आणि गालावरचा मध मुठीला, मुठीवरचा तोंडात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हातारी बायडाबाई दोनदा म्हणाली, "पोरी, नगं लावू." पण गाण्याच्या गलक्यात तिचा आवाज कुणाला ऐकू जातोय?

नातसुनेचं बोट गालाशी पोचलं. बायडाबाईनं मला उघडलं, नाकाशी धरलं आणि घर हादरेल अशी ती शिंकली.

सगळे थांबले. बोटही थांबलं. बायडाबाईनं ते आपल्या पदरानं पुसून घेतलं आणि मग शांतपणे सगळं सांगितलं.

तुम्हाला म्हणून सांगते, माझ्यात तपकिरीचा कण उरलेला नाही. फक्त बटणं, सुई आणि जोडवं आहे.