काचेचे मणी, लोकरीच्या गाठी

मी जपमाळ बोलतेय. साधीसुधी नव्हे, निळ्या काचेच्या मण्यांची, चकचकीत साखळीत गुंफलेली, टोकाला क्रूस असलेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जिच्याबद्दल बोलायचं आहे ती लोकरीची होती आणि तिला ना रूप ना रंग.

समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. एका फादरांच्या खिशातून आधी बोटीने, मग आगगाडीने आणि शेवटी बैलगाडीने मी शिरड शहापूरजवळच्या एका वस्तीवर आले. साल १९३६. वस्तीवर ख्रिस्ती घरं सातच. त्यातल्या नामाजीच्या बायकोचा, गोजरबाईचा, त्या दिवशी बाप्तिस्मा झाला आणि फादरांनी मला आशीर्वाद देऊन तिच्या तळहातावर ठेवलं. "रोज म्हणा," एवढंच ते म्हणाले. तिचा हात खरबरीत होता आणि उबदार होता. मला तो फार आवडला.

पण गोजरबाई पडली मेंढरांमागे फिरणारी, गोवऱ्या थापणारी. घरी येताच तिने मला नव्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

"काहून ठिवली?" नामाजीने विचारलं.

"माझे हात बघा की. मेंढराचा वास जात न्हाई यांचा. असल्या हातानं मरियामायची माळ धरू व्हय?"

"मंग रोजची प्रार्थना?"

"तुमी करा कायतरी."

नामाजी चातीवर लोकर कातायचा. त्याने काळ्या मेंढीच्या लोकरीची दोरी वळली, तिला गाठी मारल्या आणि बायकोच्या हातात दिली. झालं! आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला.

तेव्हापासून संध्याकाळी मेंढरं कोंडली की दोघं भिंतीवरच्या क्रूसापुढे बसायची आणि 'नमो मरिये' सुरू व्हायचं. मी पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, एकेक शब्द ऐकायची. प्रत्येक 'नमो मरिये'ला तिचं बोट त्या काळ्या गाठीवरून फिरत असणार, या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आशीर्वाद मला मिळालेला, आणि प्रार्थना तिच्या वाट्याला!

बरं, ती काही धड नव्हती. नामाजीने गाठी मोजताना गडबड केली होती. जिथे दहा हव्यात तिथे एका ठिकाणी अकरा बसल्या होत्या. नाताळाच्या आधी फादर आले तेव्हा ही चूक त्यांच्या लक्षात आली. मला वाटलं, आता हिची चुलीत रवानगी होणार. फादर हसले. "मरियामातेला एक नमस्कार जास्त झाला तर ती काही रागावणार नाही," म्हणाले, आणि त्या लोकरीलाही त्यांनी आशीर्वाद दिला! मग विचारलं, "मी दिलेली कुठंय?"

"जपून ठिवली हाय, फादर."

"अहो, ती वापरायला दिली."

"व्हय व्हय," म्हणाली गोजरबाई. फादरांची गाडी ओढ्यापलीकडे गेली आणि मी पुन्हा लुगड्यात.

फादर वर्षातून दोनदा यायचे. एरवी रविवारी वस्तीला धर्मशिक्षण देणारे लखमा मास्तर नामाजीच्या ओसरीवर शुभवर्तमान वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी उधळ्या पोराची गोष्ट वाचली. धाकटा सगळं उडवून परत येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो, आणि इमानाने राबलेला थोरला रुसून दाराबाहेर उभा राहतो. ओसरीवरच्या सगळ्यांना धाकट्याचं कौतुक. मी मात्र थोरल्याच्या बाजूची. त्याचं काय चुकलं होतं?

गोजरबाई म्हणाली, "मास्तर, थोरला बी लेकच की. त्यो आत येईना तं बाप उठून बाहीर गेला त्याला बोलवाया."

तिचं बरोबर होतं. पण मला बोलवायला पेटीपर्यंत कुणी आलं नाही. मला आतल्या आत इतकं वाईट वाटलं की त्या संध्याकाळी मी प्रार्थना ऐकायचीसुद्धा नाही असं ठरवलं. ऐकली, ते निराळं.

अशी बारा वर्षं गेली. नामाजी वारला. घरात सून आली, मिराबाई. १९४८च्या उन्हाळ्यात गोजरबाईला ताप भरला तो उतरेचना. मुलखात जाळपोळ-लुटालुटीची धामधूम माजलेली, रस्ते बंद, फादरांना निरोपही पोचेना. लखमा मास्तर एकटेच उशाशी बसून प्रार्थना म्हणत. आमच्यात मेलेल्या माणसाच्या हातात जपमाळ गुंफतात. निदान तेव्हा तरी माझी आठवण होईल, की तिथेही ती लोकरीचीच जाईल, एवढा एकच घोर मला लागला होता. माणूस मरत होतं आणि मी हा विचार करत होते. लाज वाटते, पण खरं तेच सांगते.

"मिरे, पेटी उघड," एका दुपारी गोजरबाई म्हणाली.

मिराबाईने मला काढून तिच्या एका हातात दिलं. दुसऱ्या हातात ती होतीच.

"ही लोकरीची तुला. हिला हात बसलेला हाय. निळी मह्यासंगं द्या."

जिंकले! मी मनात ओरडले. लोकरीच्या माळेकडे मी मुद्दाम बघितलंसुद्धा. पण गोजरबाईचं बोलणं संपलं नव्हतं.

"हिच्यावर म्या एक बी 'नमो मरिये' म्हणलं न्हाई. बारा वर्सं डांबून ठिवलं बिचारीला. लई चुकलं."

"मंग आत्ताच म्हणा की, आत्याबाई."

गोजरबाईने हात पदराला पुसला. पुन्हा पुसला. उलटसुलट करून बघितला. अंगठा माझ्या पहिल्या मण्यावर ठेवला आणि थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "तिकडं हात धुतलेले असतील. तिकडं म्हणीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला माझ्यासकट बाभळीखाली पुरलं. मिराबाईने कडेला गुडघे टेकून लोकरीच्या माळेवर प्रार्थना म्हटली, आणि मातीखालूनही मला तिचा हेवा वाटला. अजून वाटतो. जिता हात तिला मिळाला.

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी पेटीत असेल तर तिला बाहेर काढा, बाबांनो. हात आहेत तसेच असू देत. शेण असो, मेंढराचा वास असो, आम्हाला चालतो.

मी तिच्या बोटांत आहे. पहिला मणी अजून अंगठ्याखालीच आहे. तो पुढे सरकायची मी वाट बघतेय.