दयाळाचा फोटू

लोणावळ्याच्या बाजारात अल्लाउद्दीनची पावाची भट्टी होती, आणि त्याच्या पावाला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. लोक नावं ठेवायचे ती त्याच्या छंदाला. पहाटेचा पाव एकदा दुकानात गेला की हा गडी अंगावरचं पीठ झटकायचा, कॅमेऱ्याची पेटी बगलेत मारायचा आणि पाखरांचे फोटो काढायला गावच्या बागेत जायचा. माणसांचे काढले असते तर चार माणसांनी रामराम तरी केला असता. पाखरं काय देणार? पण हौसेला मोल नसतं. उन्हाळ्यात बंगल्यावर येणाऱ्या एका पारशी साहेबाने तो काचेच्या प्लेटांचा जुना कॅमेरा त्याला बक्षीस दिला होता, आणि तेव्हापासून अल्लाउद्दीन बिघडला तो बिघडलाच.

आजवरची त्याची कमाई म्हणजे एक बगळा, तोही अर्धा, एका साळुंकीची पाठ, आणि एका फांदीचा अतिशय स्वच्छ फोटो. त्या फांदीवरून खंड्या नुकताच उडाला होता. ही फांदीसुद्धा तो गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचा आणि गिऱ्हाइकं बिचारी पावासाठी मान डोलवायची.

मनात मात्र त्याच्या एकच पाखरू बसलं होतं, दयाळ. काळंपांढरं, मूठभर अंग, शेपटी उभी, आणि गळा असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम विसरावं. बागेतल्या जांभळीच्या ढोलीत त्याचं बिऱ्हाड होतं. पाऊस लागला की उजेड जाणार आणि कॅमेरा चार महिने फडताळात पडणार. त्याच्या आत दयाळाचा एक फोटो मिळावा, यापलीकडे त्या उन्हाळ्यात त्याला काही नको होतं.

आडवा आला तो गेणू. गेणू बागेचा माळी, राहणारा मळवलीचा. तो खणायला लागला की दयाळ किडे टिपायला त्याच्या पायाशी यायचा, इतका त्या दोघांचा घरोबा. अल्लाउद्दीनने कॅमेऱ्याची तिवई उभी केली रे केली की गेणू दोन टाळ्या वाजवायचा. पाखरू भुर्रकन जायचं आणि गेणू पुन्हा काही घडलंच नाही असा खणायला लागायचा.

"गेणू, काय मांडलंयस तू हे?" एके दिवशी अल्लाउद्दीनने वैतागून विचारलं.

"फोटूनं आयुष्य कमी हुतं, शेट. आमच्या चुलत्यानं पुण्याला जाऊन फोटू काढला. पुढली दिवाळी बघितली न्हाई त्यानं."

"अरे, तुझा चुलता ऐंशीचा होता!"

"व्हय. पर फोटू काढस्तवर ठणठणीत हुता."

अल्लाउद्दीनने समजावलं, चिडून पाहिलं, ताजी नानकटाई आणून दिली. गेणूने नानकटाई खाल्ली आणि टाळ्या वाजवल्या. शेवटी त्यानेच विचारलं, "शेट, तुमचा सोताचा कुणी काढलाय का फोटू?"

"काढणारा मी. माझा कोण काढणार?"

"मंग आदी तुमचा काढू. तुमाला काय झालं न्हाई, तर पाखराचा काढा. मी आडवा यायचो न्हाई."

अल्लाउद्दीनला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी पाव निघाल्याबरोबर तो घामाघूम तसाच भट्टीवरून उठला आणि विहिरीचं गार पाणी बदाबदा अंगावर ओतून घेतलं. त्याची बायको कमरजहाँ दारातून ओरडत होती, "अहो, घाम तरी मरू द्या!" पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. निकाहातली शेरवानी चढवून, तुर्की टोपी घालून स्वारी बागेतल्या बाकावर जाऊन बसली. कॅमेरा त्याने स्वतःच लावून ठेवला होता. लांब नळीच्या टोकाचा रबरी फुगा दाबला की फोटो निघायचा, आणि ते काम गेणूकडे. गेणूने डोळे गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं आणि फुगा दाबला.

संध्याकाळी अल्लाउद्दीनला हुडहुडी भरली आणि दुसऱ्या दिवशी तो तापाने फणफणला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

बातमी बागेत पोचली तसा गेणू धावत आला आणि उंबऱ्याशीच मटकन बसला. "भाबी, म्या मारलं वो शेटला! ह्याच हातानं फुगा दाबला." कमरजहाँने त्याला गार पाण्याची सगळी हकिगत सांगितली. गेणूने मान हलवली, विश्वास मात्र तिळाएवढाही ठेवला नाही. त्यानंतर तो रोज बागेतला गवती चहा घेऊन यायचा, काढा होईपर्यंत बसायचा आणि अल्लाउद्दीनच्या कपाळाला हात लावल्याशिवाय जायचा नाही. ताप उतरला त्या दिवशी त्याने वाघजाईला नारळ फोडला आणि प्रसाद आणून आधी कमरजहाँच्या हातावर ठेवला.

अंगात जरा बळ आल्यावर अल्लाउद्दीन बागेत आला. घाटाच्या बाजूने ढग जमायला लागले होते, उजेडाचे दिवस संपत आले होते. गेणू पावसाआधी रोपांसाठी खड्डे खणत होता.

"बघ, जिवंत आहे की नाही? आता काढू दयाळाचा."

गेणूने मान हलवली. "न्हाई शेट. तुमी भट्टीवरचं दांडगं मानूस म्हणून तरला. त्या मूठभर जिवाला तसला ताप आला तर? सोसंल का त्याला?"

अल्लाउद्दीनला रडूच यायचं बाकी राहिलं. दुसऱ्या कुणावर तो भडकला असता, पण रोज गवती चहा घेऊन येणाऱ्या माणसावर भडकायचं कसं? तो तिवई मिटायला लागला. गेणू खणायचं थांबला. मग म्हणाला, "आत प्लेट भरलीया?"

"भरलीय."

"मंग माझा काढा."

"तुझा? तुला भय वाटतं ना?"

"लय वाटतं. पर तुमी यवढं मरणातनं उठून आलासा, आन् मोकळ्या हातानं घरी जायचं व्हय? काढा बिगीबिगी, माझं मन फिरायच्या आत."

गेणू खड्ड्याच्या काठावर बसला, शेजारी पहार रोवलेली. मान ताठ, हात गुडघ्यावर, चेहरा फासावर चढवल्यासारखा. अल्लाउद्दीनने नेम धरून कॅमेरा लावला आणि फुगा हातात घेतला. तेवढ्यात जांभळीवरून दयाळ उतरला आणि थेट पहारीच्या टोकावर बसला. अंगावर ऊन, शेपटी उभी. इतक्या जवळून तो कधी दिसलाच नव्हता. अल्लाउद्दीनचा हात तसाच थांबला.

"का थांबला?" मान न हलवता गेणू पुटपुटला.

"तुझं पाखरू आलंय. पहारीवर बसलंय. उडू दे त्याला, मग काढतो."

असं म्हणून त्याने फुगा खाली धरला. गेणूचे नुसते डोळे पहारीकडे वळले. दयाळ आपला ऐटीत बसून होता.

"काढा," गेणू म्हणाला.

"अरे पण तूच म्हणालास ना…"

"काढा म्हंतो न्हवं! एकट्याला जड गेलं असतं त्याला. आता आमी दोगं हाय. निम्मा ताप मला, निम्मा त्याला. माझ्याकडं थोडा जास्ती आला तरी चालंल. तेवढा सोसंल त्याला…"

अल्लाउद्दीनने फुगा दाबला.

संध्याकाळी त्याने प्लेट धुतली. दयाळ असा आला होता की पीस न् पीस मोजून घ्यावं. गेणूही नाकापर्यंत हुबेहूब गेणू होता. तोंडाच्या जागी मात्र नुसता धुरळा, कारण त्याचं तोंड शेवटपर्यंत चालूच होतं. अल्लाउद्दीन हसता हसता डोळे पुसत राहिला आणि कमरजहाँने तो फोटो दोनदा मागून घेऊन पाहिला.

दुसऱ्या दिवशी भट्टी बायकोवर सोपवून तो बागेत धावला, कारण गेणूची काळजी त्यालाही लागली होतीच. गेणू जांभळीखाली बसून वर बघत होता. वर दयाळाचं गाणं रंगात आलं होतं.

"कसं आहे पाखरू?"

"ठणठणीत! उजाडल्यापास्नं बघतूया. चार किडं खाल्लं, तवाधरनं गातंयाच."

"आणि तू? तुला काही ताप, कणकण?"

गेणूने चपापून आपल्या कपाळाला हात लावला आणि ओशाळून हसला.

"माझ्याकडं बघायचं ऱ्हाऊनच गेलं की, शेट."