पर्यायी सवाष्ण

माझी बायको शुभदा गेल्यापासून मी दुकानात जाणं सोडलं आहे. त्याला कारण तिथली माणसं. शुभदा इथे आयर्लंडातल्या मलिंगारमध्ये बावीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर होती. गावातल्या निम्म्या पोरांची गळणारी नाकं तिने तपासलेली. ती पोरं आता मोठी होऊन दुकानात कामाला लागली आहेत. मी दह्याच्या फ्रीजपाशी उभा राहिलो की कुणीतरी येतं, माझा हात दोन्ही हातांत धरतं आणि म्हणतं, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इथली ती रीत आहे, आणि चांगली रीत आहे. पण एका दह्यासाठी तीनदा हात धरून घेतला की दह्याची इच्छा राहत नाही.

म्हणून आमच्या मुलीने, रेवतीने, ऑस्ट्रेलियात बसून मला फोनवरून किराणा मागवायला शिकवलं. सोपं आहे. शेवटी एक चौकोन येतो: हवी ती वस्तू नसेल तर पर्यायी वस्तू चालेल का? मी टिक केली. म्हटलं, थोडं जुळवून घ्यावं. पहिल्याच आठवड्यात वातींसाठी कापूस मागवला, तर कान साफ करायच्या काड्या आल्या. कोथिंबिरीऐवजी कुंडीसकट पार्सली आली. पुढच्या वेळी टिक काढली, तर अर्ध्या वस्तू आल्याच नाहीत. म्हणजे चुकीचं घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका. मी परत टिक केली.

यंदा सप्टेंबरात अविधवा नवमी आली. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात ही करतात. तिच्या जागी एका सवाष्णीला जेवायला बसवायचं आणि ओटी भरायची. माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. शुभदाचा तर मुळीच नव्हता. ती म्हणायची, मेल्यावर भूक लागत असती तर शवागारात कँटीन काढलं असतं.

पण आमच्या घरी स्वयंपाक मी करत असे. मी डिप्लोमावाला, इथल्या एका शाळेचे बॉयलर सांभाळायचो. चारला घरी यायचो. ती यायची तेव्हा यायची, आणि भुकेने चिडलेली यायची. संसारभर मी त्या एका बाईला जेवायला वाढलं. आणि आता पंचांगच म्हणतंय की अमुक दिवशी तिच्या जागी कुणीतरी बसून जेवेल. एवढं मला हवं होतं. तिच्या नावाने माझ्या हातचं एक पान वाढायचं आणि ते समोर बसून कुणीतरी संपवायचं. पुढे ते तिच्यापर्यंत पोचतं की नाही हे ज्यांचं खातं आहे त्यांनी बघावं.

पुण्याहून माझी थोरली बहीण चित्राताई म्हणाली, तुला एकट्याला झेपायचं नाही, मी इथल्या मठात सांगते, ते सगळं करतात. मी नको म्हटलं. मठातल्या आचाऱ्याच्या हातचं शुभदाने कधी खाल्लं नव्हतं, आणि आता मेल्यावर सवय कशाला बदलायची?

सवाष्ण म्हणून वैदेही येणार होती. मूळची नागपूरची, इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिचा नवरा अभिजित घरून डब्लिनच्या एका कंपनीचं काम करतो आणि उत्तम जिवंत आहे.

त्या दिवशी सकाळीच किराणा आला. आणणारी बाई नेहमीचीच, नोरीन. पन्नाशीची, दणकट, दुधाचा क्रेट पाटासारखा उचलते. ती आमच्या हॉलमध्ये वस्तू ठेवत होती आणि मी बघत होतो. लाल भोपळा मागवला होता. त्याऐवजी हॅलोविनचा प्लॅस्टिकचा भोपळा आला होता, आत दिवा, बटण दाबलं की हसायचा. खिरीच्या दुधाऐवजी ओटचं दूध. तांदळाऐवजी फ्लॉवरचा चुरा, वर लिहिलेलं 'राइस'. ओटीच्या नारळाऐवजी नारळाच्या वासाचा शाम्पू.

"हे कोण ठरवतं?" मी विचारलं.

नोरीन म्हणाली की गोदामात एक पोरगा आहे, पण त्याला संगणक सांगतो, आणि संगणकाला कोण सांगतं हे तिला माहीत नाही. काल तिने एका म्हाताऱ्या पाद्र्याला मेणबत्त्यांऐवजी वाढदिवसाच्या फुलबाज्या दिल्या होत्या. नको असेल ते दारातच परत द्यायचं, हा नियम. तिने तिथेच उभं राहून सांगितलं, "घाई नाही. पण घाई आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन नको त्या वस्तू पिशव्यांत कोंबल्या आणि तिला आणून दिल्या. ती गेली.

दूध आणि तांदूळ तर हवेच होते. मग कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर गेलो. तिथल्या गल्ल्यावरच्या पोराने माझा हात धरला. लहानपणी शुभदाने त्याच्या नाकातून वाटाणा काढला होता म्हणे. दूध मिळालं. तांदूळ होते, पण मायक्रोवेव्हचे. ते मी तिथेच सोडले आणि घरी डब्याच्या तळाशी वाटीभर बासमती होता तोच खीर, भात आणि ओटी यांत पुरवला. भोपळ्याची भाजी मी गाजराची केली. भोपळ्याऐवजी गाजर घालताना त्या गोदामातल्या पोराची आठवण झाली. मग त्याला फार नावं ठेवली नाहीत.

खीर आटत आली, उडदाचे वडे तळून झाले, आमसुलाची चटणी वाटून झाली. मग ओटीचं सामान काढून ठेवावं म्हणून बघतो तर पिशवीच नाही. शुभदाची एक साडी होती, मोरपंखी, घडीही न मोडलेली. ती आणि खण मी त्याच दुकानाच्या एका जुन्या पिशवीत घालून ओट्यावर ठेवले होते. आपल्या घरात चांगली वस्तू नेहमी दुकानाच्या पिशवीतच असते. शुभदाने असल्या पिशव्यांचा एक ढीग घडी करून सिंकखालच्या प्रेसमध्ये ठेवला आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आमचा तो प्रेस उघडला की पिशव्या अंगावर येतात. तेव्हा मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं. ओटचं दूध, शाम्पू आणि बायकोची साडी, असा सगळा माल मी नोरीनला परत केला होता.

भिंतीवरच्या जुन्या फोनवरून दुकानाला फोन लावला. यंत्राने विचारलं की परत केलेली वस्तू नाशवंत होती का.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. वाटलं, वैदेही आली. दारात अभिजित. हातात नारळ.

"काका, वैदेहीला सुट्टी मिळाली नाही," तो म्हणाला. "तिच्या वॉर्डातली दुसरी डॉक्टर आजारी पडली. ती म्हणाली, काका एकटे आहेत, तू तरी जा."

"अरे, पण सवाष्ण हवी होती."

"हो. मी तिला म्हटलं, मी सवाष्णीचा नवरा आहे. काही चालेल का बघा."

पोरगा चांगला आहे. पण मोरपंखी साडी त्याला शोभली नसती.

स्वयंपाकाला लागल्यापासून चित्राताईचा व्हिडिओ कॉल चालूच होता, मोबाइल फ्रिजला टेकवून ठेवलेला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "नंदू, तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी सकाळीच शेजारच्यांच्या सुनेला जेवायला घातलंय. साडीपण दिली. म्हटलं, तुझं काही चुकलंच, तर असू दे."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायचं काय त्यात? झालं, पोचलं. आता तुम्ही दोघं जेवून घ्या."

"ताई," मी म्हटलं, "या वेळी मी टिक केली नव्हती."

"कसली टिक?"

मी खीर ढवळायला वळलो. अभिजित चार वड्यांकडे बघत उभा होता, आणि मला वाटलं की हा आता चारही खाईल, चांगले झालेत म्हणेल, नवमी संपेल, आणि शुभदाचं पान तसंच राहील. कुणा शेजारच्यांच्या सुनेने पुण्यात श्रीखंड खाऊन ते झालेलं असेल. मी गॅस बंद केला. अभिजित खिडकीबाहेर बघायला लागला.

पुन्हा बेल वाजली. नोरीन. हातात माझी पिशवी.

ती म्हणाली की शाम्पू लोक परत करतात ते ठीक, पण अशी साडी कोण परत करतं? सकाळची फेरी संपवून ती आधी इकडेच आली होती. मी पिशवी घेतली. आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मी विचारलं, "तुमचा नवरा जिवंत आहे का?"

"काका," अभिजित मागून म्हणाला.

नोरीनने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आहे, माझं नशीब. लाँगफर्डला असतो. भुवया कोरणाऱ्या बाईकडे."

मी तिला सरळ सांगितलं. माझी बायको वारली. आज तिच्या जागी एका बाईने जेवायचं असतं, जिचा नवरा जिवंत आहे अशा. जी येणार होती ती येऊ शकली नाही.

नोरीनने थोडा विचार केला. "म्हणजे मी सब्स्टिट्यूट."

"हो."

"बरं. पसंत नसेन तर दारातूनच परत करता येतं. नियम आहे."

तिला अर्ध्या तासाची सुट्टी होती आणि व्हॅनमध्ये सँडविच होतं. मी म्हटलं, ते राहू दे.

फ्रिजवरून ताईने इंग्रजीत विचारलं, "डिव्होर्स झालाय का?" नोरीनने फोनकडे बघून सांगितलं की वकील बघतोय, कागद अजून व्हायचेत. भावकीतली मोठी भांडणं ताईने मिटवलेली आहेत, पण असं प्रकरण तिच्यापुढे पहिल्यांदाच आलं होतं. शेवटी ती मराठीत म्हणाली, "कागद झाले नाहीत म्हणजे सवाष्णच. तो कुठे राहतो ते शुभदाला सांगायची गरज नाही."

मग मी पान वाढलं. इथे केळीचं पान नाही, पांढरी मोठी ताटली घेतली. मीठ, चटणी, गाजराची भाजी, वरणभात, पोळी, वडे, वाटीत खीर. डावं-उजवं नीट वाढलं. नोरीनने काटा मागितला. दिला.

ती शुभदासारखी अजिबात जेवत नव्हती. शुभदा एका हातात फोन धरून भराभर खायची आणि तोंडात घास असताना बोलायची. नोरीन प्रत्येक पदार्थ आधी काट्याने उलटून बघत होती, जणू खाली तारीख छापलेली आहे. आमसुलाच्या चटणीला तिने तोंड वाकडं केलं. दुसरा वडा तिने न उलटता खाल्ला. पान हळूहळू रिकामं होत होतं. मी पळी हातात धरून उभा होतो. कुणाचं पान रिकामं होताना बघायचं मी विसरूनच गेलो होतो.

"बायकोकडून शिकलात का हे?" तिने विचारलं.

"तिला चहासुद्धा धड येत नव्हता," मी म्हटलं.

"मग ती नशीबवान."

अभिजितने खीर आणली आणि विचारलं, अजून? नोरीन म्हणाली, "आय ॲम ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे पुरे, नको. पण अभिजितला येऊन दोनच महिने झालेत. त्याला वाटलं तिला फार आवडली. त्याने वाटी भरली. ती संपवून तिने पुन्हा सांगितलं, ग्रँड. त्याने पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी त्याच्या हातातून पळी काढून घेतली. तो बिचारा म्हणाला, "काका, त्या एवढं कौतुक करताहेत."

शेवटी कुंकू लावलं. ओटी भरली: साडी, खण, नारळ, उरलेला मूठभर बासमती, तोही संपला. साडी कशी नेसायची ते नोरीनने विचारलं. मी म्हटलं, पडदे शिवलेत तरी चालतील. ती म्हणाली, हिचे पडदे करणाऱ्याला तुरुंगात टाकायला हवं.

मग सवाष्णीला वाकून नमस्कार करायचा असतो. ती त्या वेळी ती नसते, आपलं गेलेलं माणूस असतं. बायकोच्या पाया मी जन्मात पडलो नव्हतो. पडलो असतो तर तिने ब्लडप्रेशर तपासलं असतं. मी एक गुडघा टेकला.

"अगं बाई, नको," नोरीन खुर्ची मागे सारत म्हणाली. "ते एकदा करून बसलेय मी."

अभिजितने घाईघाईने तिला समजावलं की लग्नाची मागणी नाही, नमस्कार आहे, आणि तिने उलट काहीतरी चांगलं बोलायचं असतं. मी दुसराही गुडघा टेकला, डोकं खाली केलं. तिच्या बुटांना गोदामातली धूळ होती. मग तिचा हात माझ्या डोक्यावर आला. जड होता.

"माइंड युअरसेल्फ," ती म्हणाली. "ऐकलं का? नीट राहा."

इथे बसस्टॉपवरसुद्धा लोक एकमेकांना हेच म्हणतात. मी तिथेच थांबलो. खरं म्हणजे गुडघे अडकले होते, पण तेवढंच नव्हतं. शेवटी एका बाजूने अभिजितने आणि दुसऱ्या बाजूने नोरीनने धरून मला उभं केलं. फ्रिजवरून ताई विचारत होती, पडला का तो, पडला का.

नोरीन साडीची पिशवी काखेत मारून निघाली. किनेगडला एक जण आइस्क्रीमची वाट बघत होता आणि तिला उशीर झाला होता. दारात थांबून तिने विचारलं, हे दरवर्षी असतं का.

"असतं," मी म्हटलं. "तोवर नवऱ्याला जिवंत ठेवा."

ती म्हणाली, प्रयत्न करेन, पण शब्द देत नाही.