दारातली पाचवी तुळस

मी तुळस बोलतेय. पाया पडणं राहू द्या, आधी ऐका. या दारातली मी पाचवी. आधीच्या चौघी दोन वर्षांत इथंच वाळल्या आणि चौघींचं खापर एकाच बाईच्या डोक्यावर फुटलं.

घर बेळगावातलं. जयाबाईंच्या लेकानं, सौरवनं, उद्यमबागच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्यानं द्यायला वर दोन मजले चढवले. अंगणातलं ऊन तेव्हाच गेलं. नेमकी त्याच वर्षी येळ्ळूरची पूर्णिमा सून होऊन आली. झालं!

मला घ्यायला सासू-सून बेळगुंदीच्या वाटेवरच्या नर्सरीत आल्या. नर्सरीवाला रवळू म्हणाला, "आक्का, सावलीत नेचे लावा, मनी प्लांट लावा. तुळस जगायची न्हाय."

"दारात तुळस न्हाय ते घर हाय व्हय?" जयाबाई म्हणाल्या. "उनाचं काय न्हाय रं, हिचा हातच वाईट." सगळ्या गिऱ्हाइकांसमोर असं बोलल्या. मला लई राग आला.

महिन्यात मी पिवळी पडले. मग सासू दुपारी झोपली की पूर्णिमा मला कुंडीसकट गच्चीवर न्यायची आणि चहाआधी परत वृंदावनात ठेवायची. काय सुख होतं म्हणून सांगू! आठ दिवसांत मला पालवी फुटली.

एका दुपारी जयाबाईंनी तिला जिन्यात धरलं. "कडेला बसायचे दिवस तुझे, आन् तुळशीला शिवतीस? म्हणूनच वाळत्यात सगळ्या!"

"आत्या, ऊन पायजे हो तिला. ही पालवी बघा की."

बघितलं कुणीच नाही. जिन्याखाली बसलेल्या सौरवनं तर मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही.

"माहेरला जा," जयाबाई म्हणाल्या. "तू नसताना तुळस जगली तर दोष तुझाच. मग परत यायचं न्हाय."

"आणि वाळली तर?"

"तर मी सोता येते तुला न्यायला."

सौरवनं तिला त्याच संध्याकाळी येळ्ळूरला सोडलं. मी ठरवलं, वाळायचं. जीव तुटत होता, कोवळी पालवी होती अंगावर. तरी तीन आठवड्यांत माझं शेवटचं पान गळलं. आता तरी सासूबाई चप्पल घालतील, असं मला वाटलं.

घातली की! नर्सरीत जाऊन सहावी आणली. शेजारणीला म्हणाल्या, "जाताना तळतळाट देऊन गेली बघ, म्हणून वाळली."

मी आता न्हाणीमागं पडलेय, काटकी होऊन. येळ्ळूरकडं कुणी जाणार असाल तर पूर्णिमाला सांगा, मी वाळले म्हणून. तिला अजून कुणी कळवलेलं नाही. ती रोज बॅग भरून बसत असेल.