अकरा एप्रिलची गंगू

खडूचा डबा घेऊन जानराव विहारापाशी आले आणि जागच्या जागी थबकले. त्यांच्या काळ्या फळ्याच्या जागी फ्लेक्स लटकत होता: ‘दिनविशेष व वाढदिवस, ११ ते १७ एप्रिल’. फळा खाली आडवा पडलेला, त्यावर भोंग्याचे खोके.

तीस वर्षं जानराव रोज सकाळी त्या फळ्यावर दिनविशेष आणि गावातले वाढदिवस लिहीत आले होते. शाळेच्या दाखल्यात मास्तरांनी अर्ध्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलेलं. जानरावांनी म्हाताऱ्यांना खोदून खोदून विचारून खऱ्या तारखा वहीत उतरवल्या. ती वही पुतण्या धम्मरत्न दोन दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला, आणि आता फ्लेक्सच्या तळाशी ‘संकलन: धम्मरत्न’. तेही जानरावांनी गिळलं. घरचाच माणूस, म्हणून.

मग आजचा, अकरा तारखेचा रकाना पाहिला. महात्मा फुले जयंती. खाली सरपंचाच्या नातवाचा फोटो. गंगूचं नाव नव्हतं.

गंगू त्यांची बायको. शाळेचं तोंडच न पाहिल्याने तिला मास्तरांचा एक जूनही मिळाला नाही. पुढे आधार कार्डाने एक जानेवारी दिला. साक्षरता वर्गात तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, तो अकरा एप्रिल. “आज जन्मली तू,” जानराव म्हणाले होते. तेव्हापासून दरवर्षी फुल्यांच्या खाली तिचं नाव. ही तारीख जन्माची नाही, हे त्यांनी एकट्या धम्मरत्नला सांगितलं होतं.

तो तिथेच दोरी बांधत होता.

“काकूचं नाव काहून काढलं?”

“काका, ते तारीख खरी कुठी हाय? तुमीच तं सांगतलं मले. अन् सरपंच जयंतीचा मंडप देऊन राह्यले. त्याइच्या नातवाले जागा नको?”

“तुले इश्वासानं सांगतलं होतं.”

धम्मरत्नने गाठ आवळली. वर पाहिलं नाही.

परक्याने मारलं असतं तर जानराव भांडले असते. इथे घरच्यानेच केसाने गळा कापला होता. त्यांनी फ्लेक्सवर खडू टेकवून पाहिला. तो नुसता घसरला, रेघसुद्धा उमटली नाही.

तेवढ्यात पांढरं लुगडं नेसून, फुलं घेऊन गंगू आली. दरवर्षीसारखी आधी फलकाशी थांबली. अक्षराखाली बोट धरून वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग नवऱ्याच्या हातातल्या खडूकडे पाहिलं.

“चश्मा घरीच राह्यला वाटते माहा,” ती म्हणाली आणि फुलं वाहायला आत गेली.

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.