बटण दाबणाऱ्याची भाषा

डोळ्यांच्या इस्पितळातून रुग्णांना जाणारे मेल थोरलीने, घरातल्या मोठ्या लेकीने, ऑफिसात बनवलेल्या प्रोग्रॅममधून जात. रुग्णाची भाषा नाव नोंदवतानाच विचारून घेतलेली असे, इस्पितळातल्या कुणी बटण दाबलं की प्रोग्रॅमने मेल त्याच भाषेत पाठवायचा. थोरलीने तपासणीही कसून केली होती. स्वतःच्या खात्याची भाषा बदलायची, स्वतःलाच मेल पाठवायचा, वाचायचा, खूश व्हायचं. ऑफिसने तिची पाठ थोपटली. इस्पितळाने रुग्णांना फोन करणं बंद करून टाकलं.

तिचे बाबा घड्याळजी. एक डोळा गेलेला, दुसऱ्याचीही नजर झपाट्याने उतरत होती. त्याच इस्पितळात ऑपरेशनसाठी नंबर लागला की मेल येणार, दुसऱ्या दिवसापर्यंत ‘येतो’ म्हणून कळवायचं, नाहीतर पुढच्याला बोलावणार. त्या एका मेलवर सगळं घर डोळे लावून बसलं होतं.

बरेच दिवस झाले तरी मेल येईना, तेव्हा थोरलीने इस्पितळात फोन लावला. मेल कधीच गेला, तुमचं उत्तर आलं नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि आता ऑपरेशन करून उपयोग नाही म्हणाले.

तिने बाबांना विचारलं.

“आलं होतं काहीतरी,” बाबा म्हणाले. “एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. तूच बजावलं होतंस ना, कळत नाही तो मेल उघडायचा नाही, सरळ उडवून टाकायचा.”

हे तिनेच बजावलं होतं, तेही दहादा.

ऑफिसात तिने प्रोग्रॅम उघडला आणि घोडं कुठे पेंड खातंय ते लगेच दिसलं. प्रोग्रॅम रुग्णाची भाषा बघतच नव्हता, बटण दाबणाऱ्याची बघत होता. इस्पितळातल्या नव्या बाई परक्या मुलखातल्या, संगणकावर स्वतःच्या भाषेत काम करायच्या, मेलही त्यांच्याच भाषेत जायचे. थोरली स्वतःच पाठवणारी आणि स्वतःच घेणारी, तिला चूक दिसणार कशी? साहेब म्हणाले, इतक्या दिवसांत एकाही रुग्णाची तक्रार नाही. ज्याला मेल वाचताच आला नाही, तो बापडा तक्रार कशाची करणार? तिला स्वतःची शिसारी आली. दुरुस्ती एका ओळीची होती, ती तिने तिथेच केली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबांचा फोन वाजला. त्यांनी तो नाकाशी नेला, इकडेतिकडे फिरवला आणि तिच्यापुढे धरला.

“काय आलंय बघ गं. कुठल्या भाषेत आहे?”

“आपल्याच, बाबा.”

“मग कामाचा असणार,” म्हणत ते सरसावून बसले. “वाच.”

मेल अगदी शुद्ध भाषेत होता. एकही चूक नव्हती. थोरलीने वाचायला सुरुवात केली, “आपण वेळेत उत्तर न दिल्यामुळे आपले नाव यादीतून कमी करण्यात आले आहे.”